फुगीसाठी नवरा शोधायला

पलूस

तीन माणसं आणि एक रिकामं डालगं असा लवाजमा आमच्या दारातून निघाला, तेव्हा गल्लीतल्या ज्यानं त्यानं विचारलं, "कुठं दौरा?" आणि दर वेळी आबांनी छाती पुढं काढून एकच उत्तर दिलं, "शिकारीला!" डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. बंदुकीऐवजी टोपली घेऊन निघालेले शिकारी पाहून समोरच्या काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले असते, पण गाडी मला चालवायची होती आणि शेजारी आबा बसणार होते.

आधी माणसं सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण पहाटे उठून दाढी करायची आणि चपला एका रेषेत ठेवायची सवय तशीच आहे. माझा नवरा संदीपही सैन्यातच, सध्या जम्मूकडे. मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवते. आणि शरू ही आमची मुलगी, वय वर्षं सहा. आबांच्या खांद्यावर बसून बालवाडीत गेलेली आणि बोलायला शिकल्यावर पहिली शिवी त्यांच्याकडूनच उचललेली.

दोन वर्षांपूर्वी आबांनी बाजारातून टर्कीची दोन पिल्लं आणली. मादी अंग फुगवून बसायची म्हणून शरूनं तिचं नाव फुगी ठेवलं. नराचं नाव आबांनी ठेवलं, सुभेदार. शेपटीचा पंखा उभारून, पंख जमिनीवर घासत तो परसात फिरायला लागला की खरंच कवायतीची आठवण यायची. "माजं प्रमोशन अडलं, पर ह्याचं झालं बग," असं आबा शरूला म्हणायचे आणि रोज सकाळी दोघं मिळून सुभेदाराला सलाम ठोकायचे.

मग पौषातली आमची जत्रा आली. आमच्या भागात जत्रा म्हणजे मटण, आणि पाहुण्याला ताटात कमी पडलं तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, तिथंही हेच. त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आबांचे पलटणीतले तीन जुने मित्र न सांगता, बायकामुलांसकट आले. मी पातेल्यात पळी घातली तर ती तळाला लागली. आबांनी माझ्याकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं आणि ते परसात गेले. पाहुणे पोटभर जेवले, तृप्त होऊन गेले. वाढलं मीच. शरू तेव्हा चुलत बहिणीबरोबर पाळण्यात बसायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत सुभेदारासाठी आणलेले चुरमुरे होते.

ती रडली, ते आम्हाला अपेक्षित होतं. रडून झाल्यावर ती आबांशी बोलायची बंद झाली, ते नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. आबा दोन हातांवर बसलेले असायचे आणि ती मला म्हणायची, "आई, आबांना सांग, त्यांचा चहा झालाय." मी सांगायचे. आबा म्हणायचे, "तिला सांग, आलो." तारघरातल्या बाईसारखी मी दोघांच्या मधे अडकले. आबांनी तिला चॉकलेटं आणली, चाकाची गाडी आणली, एकदा तर माफीही मागितली. मी तिला म्हटलं, "अगं, बोल की आबांशी." ती खूप विचार करून म्हणाली, "बोलीन. पण काय बोलू?"

शाळेतून आली की ती फुगीजवळ जाऊन बसायची. पूर्वी जो वेळ आबांचा होता तो सगळा फुगीला मिळाला. फुगीचं ते तुटक तुटक बोलणं, "क्यॉक, क्यॉक, क्यॉक," शरूनं असं उचललं की एकदा वर्गातच काढून दाखवलं आणि बाईंनी मला बोलावून घेतलं. शिमगा झाला, फुगीनं अंडी घातली आणि त्यावर बसली. उठेचना. नर नाही तर त्यातून काही निघणार नाही, हे मला ठाऊक होतं. शरूला सांगायचा मला धीर झाला नाही. सांगितलं ते आबांनी, म्हणजे माझ्यामार्फत. आणि जोडीला निरोप दिला, "तिला सांग, मी फुगीला नवरा आनून देतो. न्हाई आनला तर नाव लावनार न्हाई."

बोलणं सोपं होतं. आसपास ज्यांच्याकडं टर्की होत्या त्यांचे नर नाताळाच्या आधीच गोव्याकडं गेलेले. आबांनी फोनवर फोन केले आणि शेवटी जत्रेला आलेल्या त्या तीन मित्रांतल्याच एकानं पत्ता दिला. अथणीच्या पुढं मल्लप्पा म्हणून शेतकरी आहे, त्याच्याकडं तीन मोठे नर आहेत. मित्राला सुभेदाराचं कळलं होतं आणि तोही ओशाळला होता.

तयारीला आठ दिवस गेले. मी यादी केली: पाणी, लिंबू, उलटीसाठी पिशव्या, दोन फ्रॉक, भडंग, ओला टॉवेल. आबांनी वेगळी यादी करून भिंतीवर चिकटवली. तिच्यात निघायची वेळ, विसाव्याची ठिकाणं आणि 'कमांडर: आबा' असं होतं. डालग्याच्या जागी ते आपली सैन्यातली काळी ट्रंक नेणार होते, झाकणाला भोकं पाडून. तिच्यावर अजून त्यांचं नाव आणि हुद्दा पांढऱ्या रंगात होता. मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं गेले, राज्याबाहेरून पक्षी आणताना काय कागद लागतो ते विचारायला. डॉक्टर आधी हसले, मग नीट बोलले. तिथल्या डॉक्टरचा पक्षी निरोगी असल्याचा दाखला घ्या, चैत्राच्या उन्हात पत्र्याच्या ट्रंकेत घालाल तर शिजूनच पोचेल, आणि घरी आणल्यावर दोन आठवडे फुगीपासून लांब ठेवा. "नवरदेव आणताय, जानवसघर वेगळंच पाहिजे," म्हणाले. ट्रंक रद्द झाली. कमांडर दिवसभर घुश्शात होते.

संदीपला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बॉर्डर इकडं माझ्याकडं आहे. तुम्ही कुठली ओलांडताय?"

मला खरी काळजी होती ती शरूची. दोन मिनिटं एका जागी न बसणारी पोर, उन्हाचे दिवस, दोन्ही वेळचा प्रवास आणि गाडीत ज्याच्याशी बोलायचं नाही असा माणूस. आबा तिला पूर्वी गोष्टी सांगायचे. ते लहान असताना, म्हणजे शिकारीवर बंदी यायच्या आधी, त्यांच्या वडिलांबरोबर तितरामागं जायचे. "शिकारीत पयलं काम काय? हलायचं न्हाई. मुंगी चावली तरी न्हाई." ती गोष्ट ऐकतानासुद्धा शरू चार वेळा उठायची.

तिनं जायच्या आदल्या दिवशी दोन अटी घातल्या. नर ती निवडणार, आणि आबा पुढं बसणार, ती मागं. मग तिनं विचारलं, "आणि यालाही कापला तर?" मी म्हटलं नाही कापणार. ती म्हणाली, "तुला काय माहीत?"

मिरज, म्हैसाळ, कागवाड

आता आबांच्या शेजारी बसून गाडी चालवण्याविषयी. त्यांनी स्वतः कधी चारचाकी चालवलेली नाही. तरी सांगलीपर्यंत मी त्यांच्या सांगण्यावरून अकरा वेळा गिअर बदलला असेल. "म्होरं टॅक्टर हाय." "दिसतोय, आबा." "ट्रॉली बी हाय त्याला." साखर कारखान्यांचा हंगाम संपत आलेला, रस्त्यावर उसाची शेवटची वाहनं डुलत चाललेली. बांधावरच्या एखाद्या पळसाला पान नाही आणि फुलं मात्र अशी की शरू काच खाली करून बघत राहिली. बेदाण्याच्या शेडांवर द्राक्षं वाळत होती, वारा सुटला की गोडसर आंबूस वास गाडीत यायचा.

मिरजेत आबांचा विसावा यादीप्रमाणं पंधरा मिनिटांचा होता. पण आम्ही थांबलो ती नेमकी तंबोरे करणाऱ्यांची गल्ली निघाली. दारात मोठमोठे भोपळे रांगेनं वाळत ठेवलेले. एका म्हाताऱ्या कारागिरानं शरूला भोपळ्यावर टिचकी मारू दिली, मग अर्धवट झालेल्या तंबोऱ्याला कान लावू दिला. तिनं विचारलं, "हा कधी बोलणार?" तो म्हणाला, "तारा चढल्या की बोलतंय. लाकूड वाळायला टाइम लागतोय, घाई क्येली तर तडकतं." आबा हे फार लक्षपूर्वक ऐकत होते. पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला आणि कमांडर घड्याळाकडं बघायचे विसरले.

म्हैसाळ गेलं आणि मी वर्गात शिकवताना करते तसं जाहीर केलं, "आता सीमा येणार!" शरू सीटवर उभी राहिली. तिला वाटलं होतं, नकाशावर असते तशी तुटक रेघ रस्त्यावर काढलेली असेल. रेघ नव्हती. तोच ऊस, तीच तांबडी धूळ, तीच धुणी धुणाऱ्या बायांची कालव्यावरची गर्दी. फक्त दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. "मग कुणाला कळतं कर्नाटक आलं ते?" तिनं विचारलं. इतकी वर्षं भूगोल शिकवून मला एवढंच सांगता आलं की चहावाल्याला विचारू. चहावाला कागवाडचा. तो मराठीत म्हणाला, "आमाला कळत न्हाई बगा. मतदानादिवशी तेवडं कळतंय."

अथणीच्या पुढं

अथणी सोडली की पाणी मागं राहतं. ऊस संपतो आणि काळी, भेगाळलेली रानं सुरू होतात. शाळू काढून झालेला, कडब्याच्या गंजी उभ्या. मल्लप्पाचं घर एका मोठ्या चिंचेखाली होतं. "बर्री, बर्री!" म्हणजे या, या, करत तो पुढं आला. त्याला मराठी थोडं, आम्हाला कन्नड त्याहून थोडं, पण त्याच्या बायकोनं समोर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही ठेवल्यावर भाषेची गरज फारशी पडली नाही. कडक भाकरी आमच्याकडंही मिळते, पण ही पापडासारखी पातळ आणि मोडताना आवाज करणारी. शरूनं तीन खाल्ल्या. घरी तिला अर्धी खाऊ घालताना मला नाकीनऊ येतात.

टर्कीचे तीन नर गोठ्यामागं होते. पहिला सर्वांत मोठा, छातीच एवढी की चालताना पाय दिसत नव्हते. आबांना तोच पसंत. दुसरा अंगावर धावून आला. तिसरा मध्यम, थोडा लाजरा, डोकं निळसर पांढरं. शरूनं खिशातून काहीतरी काढलं. फुगीचं पीस होतं. एवढ्या लांब ते तिनं फ्रॉकच्या खिशात जपून आणलं होतं. तिनं ते तिघांपुढं धरलं आणि तोंडानं फुगीचा आवाज काढला, "क्यॉक, क्यॉक, क्यॉक." पहिला दाणे टिपत राहिला. दुसऱ्यानं पीस चोचीनं ओढलं. तिसऱ्यानं मान वर केली, त्याचं निळं डोकं बघता बघता लाल झालं, शेपटी उभी राहिली आणि तो गळ्यातून गुळगुळगुळ करून ओरडला. मल्लप्पा टाळी वाजवून हसला.

"आई, आबांना सांग, हा," शरू म्हणाली.

आबांनी मोठ्याकडं एकदा हळहळून पाहिलं आणि म्हणाले, "तिला सांग, पसंत हाय."

गावातल्या पशुवैद्यानं दाखला दिला, मल्लप्पानं आबांनी आणलेली बेदाण्याची पेटी ठेवून घेतली आणि वर पोतंभर मका नवरदेवाच्या प्रवासासाठी दिला. पायाला मऊ दोरी बांधून, मागची सीट दुमडून त्याला डालग्याखाली बसवलं. शरू शेजारी. परतीला ऊन उतरेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मुक्काम कागवाडजवळ, अण्णांच्या मळ्यात ठरला होता.

अण्णांचा मळा

अण्णा म्हणजे आमचा बेदाणा घ्यायला दर हंगामात येणारे जैन शेतकरी. सीमेच्या अलीकडं त्यांची खरेदी, पलीकडं शेत. त्यांच्या घरी संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत होतं, त्यामुळं आम्ही पाय धुतोय तोवर ताटं मांडलेली. आमच्याकडं या वेळेला चहासुद्धा झालेला नसतो. गाडीतून गुळगुळ आवाज आला आणि अण्णांच्या पत्नी, आक्का, उंबऱ्यात थांबल्या.

"कापायला न्यायलाय व्हय?"

"छे, छे," आबा म्हणाले. "पाळायला."

"मागच्याला पण पाळायलाच आणलं होतं," शरू म्हणाली. माझ्याकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मग आबांनी कापला."

आबा हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवायचा विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण कापला आबांनी, पण रस्सा ढवळला होता मी, आणि ते मी आजवर शरूला सांगितलेलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. म्हटलं, "मीपण होते त्यात, शरू. वाढलं मी." तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता आबांना आणि मला निरोप द्यायला तिला तिसरं माणूस शोधावं लागणार.

अण्णा रागावले नाहीत. ताटावर बसा म्हणाले आणि गरम हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढता वाढता आपल्या नेमांविषयी बोलायला लागले. त्यांच्याकडं माणूस देवापुढं एखाद्या गोष्टीचा नेम घेतो आणि ती सोडतो. कुणी रात्रीचं जेवण, कुणी कांदा-लसूण, कुणी वर्षापुरतं एखादं फळ. आबा पटकन म्हणाले, "मग घेतो की मी. ह्या फुडं टर्की खानार न्हाई."

"आई," शरू म्हणाली, "आबांना टर्की आवडतच नाही. त्या दिवशी म्हणाले होते, लय चिवट हाय."

आक्कांना हसू आवरेना. अण्णाही हसले, पण मग आबांना म्हणाले, "पोरगी बरुबर बोलायलीया बगा. मी दिवस मावळल्यावर खात न्हाई, ते काय भूक लागत न्हाई म्हणून न्हवं. लागती की, लय लागती. नावडीचं सोडलं तर त्याला काय नेम म्हणायचा?"

आबा ताटाकडं बघत राहिले. लग्न झाल्यापासूनच्या त्यांच्या सगळ्या जत्रा मी पाहिलेल्या आहेत. जत्रेचं मटण हा त्यांचा सण. त्या दिवशी ते पहाटेपासून चुलीभोवती फिरतात, पहिली वाटी त्यांची, आणि पुढचे चार दिवस त्याच्याच गोष्टी. सैन्यात असतानाही म्हणे सुट्टी मागायची तर जत्रेचीच मागायची. त्यांनी हात धुतले, उठून अण्णांच्या देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"ह्या फुडं आमच्या जत्रंला माज्या ताटात मटण न्हाई. पाव्हण्यास्नी वाढीन. मी खानार न्हाई. हाय तवर."

आबा परत येऊन बसले तेव्हा तिनं त्यांच्या ताटाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "आई, आबांना सांग, हुग्गी गार होतीय."

उसाच्या कडेला

सकाळी अण्णांच्या अंगणात आरडाओरडा ऐकून मी बाहेर आले. आबा लवकर उठून, रात्री अंगणात उतरवून ठेवलेल्या नवरदेवाला पाणी पाजायला गेले होते. दोरीनं पाय काचला असेल असं त्यांना वाटलं, म्हणून सोडली. मग मान नीट वर करता यावी म्हणून डालगं थोडं उचललं. त्या थोड्यातून तो निसटला, अंगण ओलांडून गेला आणि कारखान्याची तोड न मिळालेल्या उंच उसात घुसला.

अण्णांचे दोन गडी काठ्या घेऊन आत शिरले, मागून आबा. वाळक्या पानांचं पाचट इतकं की आपलाच पाय कुठं पडतोय ते दिसेना. जितका आरडाओरडा होत होता तितका पक्षी आत जात असणार. त्या उसात कोल्हे आहेत असं गड्यांपैकी एकजण म्हणाला आणि आक्कांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. अर्ध्या तासानं आबा बाहेर आले. हातावर पानांचे ओरखडे, श्वास लागलेला. ते बांधावर बसले आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "परत माज्याच हातनं गेला."

मी इतकी वर्षं त्यांना ओळखते. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात लांब कुठंतरी मोर ओरडला, आणि उसातून, आम्ही शोधत होतो त्याच्या अगदी उलट्या बाजूनं, उत्तर आलं. गुळगुळगुळ.

शरू गाडीतून पीस घेऊन आली. तिनं गड्यांना काठ्या टाकायला लावल्या. मोठी माणसं ऐकतात का लहान पोरीचं? पण दुसरं काही कुणाला सुचत नव्हतं. तिनं आम्हाला उसाच्या कडेला ओळीनं खाली बसवलं, स्वतः आबांच्या शेजारी बसली, कारण तिथूनच सरी सरळ आत दिसत होती. मग तिनं तोंडाशी हात नेला.

"क्यॉक. क्यॉक, क्यॉक."

थांबली. पुन्हा. दोन मिनिटं एका जागी न बसणारी माझी मुलगी दगडासारखी बसली होती. आतून गुळगुळ आली, थोडी जवळून. तिनं लगेच उत्तर दिलं नाही. फुगीसुद्धा लगेच देत नाही, मान वळवून जरा वेळ लावते, हे मी दोन महिने परसात रोज पाहिलं होतं आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पाचट वाजलं. सरीच्या टोकाला काहीतरी लाल दिसलं. मग निळं, मग पुन्हा लाल.

आबांना खोकला येत होता. त्यांच्या गळ्याची शीर ताणलेली मला दिसत होती. पायावर दोन मुंगळे चढले होते. त्यांनी पाय झटकायला जरासा हलवला आणि शरू, समोरून नजर न काढता, कुजबुजली.

"आबा, हलू नका."

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मी सवयीनं आबांना निरोप सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आबांनी पाय जिथं होता तिथं थांबवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही त्यांनी पुसलं नाही.

नवरदेव सरीतून बाहेर आला तो पंखा उभारून, छाती काढून, जणू स्वतःच्या मर्जीनं फिरायला निघालाय. शरूच्या हातातलं पीस त्याच्यापासून हातभर अंतरावर राहिलं. मी ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली, गड्यानं पाय धरले. माझ्या हातून आयुष्यात झालेली ही एकमेव शिकार. सगळे ओरडायला लागले, आक्कांनी शरूला कडेवर घेतलं, वरात अंगणात पोचली, नवरदेव डालग्यात गेला, वरून दगड ठेवला. तेव्हा मला दिसलं की आबा आमच्यात नाहीत.

ते अजून उसाच्या कडेलाच बसले होते. तसेच, पाय तसाच वाकडा, मुंगळे आता गुडघ्याजवळ.

मी घाबरून धावले. "आबा, काय झालं? पाय आखडला का?"

"पाय बरा हाय," ओठसुद्धा न हलवता ते म्हणाले. "तिनं हलू नगा म्हनलंय. आजून हला म्हनली न्हाई."

शरू आक्कांच्या कडेवरून उतरली, धावत आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि नीट सलाम ठोकला.

"हला आता, आबा."

परत

फुगीचं विचाराल तर नवरदेव दोन आठवडे शेडमध्ये वेगळा राहिला, डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले, आणि आता दोघं परसात एकत्र असतात. पहिले दोन दिवस तिनं त्याला चोची मारल्या. हे लिहीपर्यंत ती नव्या अंड्यांवर बसली आहे आणि शरू भिंतीवर रोज एक रेघ मारते. अठ्ठावीस रेघा व्हायच्या आहेत. नावाचं अजून ठरत नाही. आबांचं म्हणणं, या वेळी हवालदारच ठेवायचं, उगाच फार वर चढवायचं नाही.

पण माझ्या मनात राहिलाय तो घरी येतानाचा रस्ता. सकाळची गार हवा होती. आबा पुढं बसले नाहीत. ते मागं, डालग्याच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला शरू. ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आल्या, मला एकदाही कुणी गिअर बदलायला सांगितलं नाही. शरू बोलत होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली होती आणि एकेक दिवस घेत होती. कोणता दात कधी पडला, बाई का ओरडल्या, फुगीनं कधी दाणे खाल्ले नाहीत, तिला कोणत्या रात्री पडसं होतं. आबा प्रत्येक दिवसाला "मंग?" म्हणत होते. म्हैसाळ मागं पडलं तरी जानेवारी संपला नव्हता.

पलूसच्या वेशीत शिरलो तेव्हा ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. आमच्या गल्लीचं वळण आलं. मी गाडी सरळ पुढं काढली आणि गावाला आणखी एक फेरी मारली.